रोज सातलाच क्लास का तुटतो? सीमेवरच्या घरात ऑनलाइन अभ्यासाची जागा लावताना

"मामा, परत अडकलं. सर सांगालेत, पण आवाजच येईना."

गेल्या पावसाळ्यात भाचीचा हा फोन मला आठवड्यातून चार वेळा यायचा, आणि वेळ ठरलेली. संध्याकाळी सव्वासात ते आठ. सकाळी नेट चांगलं, दुपारी चांगलं, रात्री दहानंतरही चांगलं. नेमका फिजिक्सचा क्लास सुरू झाला की सरांचं चित्र थिजायचं, आवाज तुटायचा आणि स्क्रीनवर ते गोल गोल चक्र फिरत बसायचं.

मी बेळगावात घरांच्या वायरिंगची कामं करतो. आक्काचं घर वेंगुर्ला रस्त्याला, तुरमुरी-बाचीच्या बाजूच्या एका गावात. जुनं घर आहे. पुढं सोपा, मध्ये माजघर, मागं परडं. वर कौलं आणि मातीच्या दीड फुटी भिंती. भाचीची दहावी मराठी माध्यमातून झाली, आणि पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेल्यावर सगळे विषय एकदम इंग्रजीत आले. कोल्हापूरचे एक सर तेच फिजिक्स मराठीतून फोड करून शिकवतात, म्हणून हा ऑनलाइन क्लास लावला. त्यामुळं त्या पाऊण तासातली दहा मिनिटं गेली तर ती कुठल्या पुस्तकात वाचून भरून निघत नाहीत. कॉलेजात तोच धडा इंग्रजीत झालेला असतो आणि पोरगी तिथं गप्प बसून आलेली असते. म्हणून हा प्रश्न मी मनावर घेतला.

मी जायच्या आधी घरच्यांनी काय काय करून पाहिलं होतं तेही सांगतो, कारण बहुतेक घरांत हेच होतं. दाजींनी मोठा पॅक मारला. मग सिम बदललं. मग केबलवाल्याकडून फायबरचं कनेक्शन घेतलं. मग क्लासचं ॲप काढून परत घातलं. पैसे गेले, सातचं दुखणं तसंच राहिलं. बिघाड रोज एकाच वेळेला येत असेल तर त्या वेळेला घरात, गावात आणि फोनमध्ये काय काय घडतं ते आधी बघा, खरेदी नंतर करा.

मी भाचीला एक वही घालायला लावली. तुटलं की घड्याळातली वेळ लिहायची. आपण कुठल्या खोलीत, कुठल्या बाजूला बसलोय ते लिहायचं. फोनच्या वरच्या पट्टीत काय दिसतं आणि नेटच्या पांढऱ्या डब्यावर कुठले लाइट लागलेत तेही. बल्ब मंद झाला होता का, घरात कोण काय चालू करत होतं, तेवढंही एका शब्दात. पाच दिवसांच्या नोंदी बघितल्या आणि लक्षात आलं की आम्ही ज्याला एक दुखणं समजत होतो ती तीन वेगवेगळी दुखणी होती. तिन्ही संध्याकाळीच यायची एवढंच त्यांचं नातं.

पहिलं अगदी साधं निघालं. फायबर गेलं की क्लास फोनच्या नेटवर चालायचा, आणि फोनचा पॅक दिवसाला दीड जीबीचा. धाकटा भाचा शाळेतून आला की त्याच फोनवर रील बघत बसायचा. सहापर्यंत दीड जीबी संपायचा, आणि कोटा संपला की बहुतेक पॅकमध्ये नेट बंद पडत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. वरची सिग्नलची दांडी पूर्ण दिसते, व्हॉट्सॲपचा मजकूर जातो-येतो, त्यामुळं घरच्यांना वाटतं नेट आहे. पण ६४ केबीपीएसमध्ये नुसता आवाजसुद्धा जेमतेम चालतो, फळ्याचं चित्र येणं शक्यच नाही. साध्या दर्जाच्या क्लासला ६०० केबीपीएसच्या आसपास वेग पुरतो, म्हणजे तासाला २७० एमबी. तेवढे रोज सातसाठी राखून ठेवायचे, एवढाच त्यावर उपाय. फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापराची मर्यादा घालून ठेवता येते, ती घाला. फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट फक्त वायफायवर ठेवा. हे पाच मिनिटांचं काम झालं आणि वहीतल्या नोंदी तिसऱ्या हिश्शानं कमी झाल्या.

दुसरं दुखणं विजेचं. हे माझ्या धंद्यातलं, म्हणून जरा खोलात सांगतो.

नोंदीत परत परत लिहिलेलं होतं: "दोन-तीन मिनिटं गेलं, आपोआप आलं." एवढाच वेळ का? कारण फायबरचा डबा बंद होऊन परत चालू व्हायला, लाइन धरायला आणि वायफाय सोडायला साधारण तेवढाच वेळ घेतो. म्हणजे लाइन तुटत नव्हती, डब्याची वीज क्षणभर जात होती. डब्यावरचे लाइट बघितले की हे लगेच कळतं. सगळे लाइट एकदम विझून परत एकेक लागत असतील तर दोष विजेत. एलओएस नावाचा लाइट लाल लागला असेल तर फायबरची तार कुठं तरी तुटली किंवा मुरगळली, मग घरात काहीही करून उपयोग नाही, केबलवाल्यालाच बोलवायला पाहिजे. पॉनचा लाइट, म्हणजे फायबरची लाइन धरल्याची खूण, हिरवा स्थिर आहे पण इंटरनेटचा लाइट लागत नाही, तर दोष पलीकडचा, कंपनीकडचा. आणि सगळे लाइट नीट असून क्लास तुटत असेल तर दोष वायफायचा, म्हणजे डबा आणि मुलगी यांच्यामधल्या भिंतींचा.

सातला मी मीटर लावून बसलो. सकाळी २३० व्होल्ट दाखवणारा प्लग त्या वेळेला १७५ ते १८० दाखवत होता. गावात सगळ्यांचे दिवे, टीव्ही, गिरणी, पाण्याच्या मोटारी एकदम सुरू होतात, तारेच्या शेवटच्या टोकाच्या घरापर्यंत व्होल्टेज पडत जातं. पण नुसत्या पडलेल्या व्होल्टेजनं नेटचा डबा बंद व्हायला नको, कारण त्याच्या अडॅप्टरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. मग बंद का होतो? एवढ्यात आक्कानं आत चटणी वाटायला मिक्सर लावला आणि माझ्या डोळ्यांदेखत डबा विझला.

बोर्ड उघडला तर गाठ सापडली. मिक्सरचा प्लग आणि डब्याचा प्लग एकाच जुन्या एक्स्टेन्शन बोर्डात होते. मिक्सर सुरू झाला की बोर्डात बारीक चर्र असा आवाज यायचा. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या वर्षानुवर्षं प्लग घालून काढून फाकल्या होत्या, एक पट्टी काळी पडलेली, बाजूचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. बोटानं प्लग हलवला की डब्याचा लाइट लुकलुकायचा. ही नुसती क्लासची अडचण नाही, अशा बोर्डामुळं घराला आग लागते. तो बोर्ड मी तिथल्या तिथं फेकला आणि डब्यासाठी भिंतीवर वेगळा पॉइंट काढला. तुमच्या घरात प्लग ढिला बसत असेल, गरम लागत असेल किंवा जळल्यासारखा वास येत असेल तर बाकी सगळं सोडून आधी ते बदला. आणि एक धोक्याची खूण लक्षात ठेवा: एका खोलीतला बल्ब एकदम मंद आणि त्याच वेळी दुसरीकडचा डोळे दिपतील इतका प्रखर झाला, तर न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, ढिली असण्याची शक्यता मोठी. मेन स्विच लगेच बंद करा आणि वायरमनला बोलवा. त्यात टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप सगळं जळू शकतं.

बोर्ड बदलला तरी दिवसाआड एकदा डबा विझायचाच. घरात इन्व्हर्टर होता, त्यामुळं दाजी म्हणाले, "वीज गेलेली कळतसुद्धा नाही, मग डबा कसा जातो?" वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होतो त्या मधल्या क्षणाला माणसाच्या डोळ्याला बल्ब फार तर लुकलुकल्यासारखा दिसतो, पण जुन्या अडॅप्टरला तेवढा खंड सोसत नाही. बऱ्याच इन्व्हर्टरना मागं यूपीएस मोडचं बटण असतं, त्यानं हा खंड कमी होतो. मात्र आपल्याकडच्या गावांत त्याची एक अडचण आहे. यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर थेट बॅटरीवर जातो. रोज सातला १७५ येत असेल तर बॅटरी रोज विनाकारण रिकामी होणार आणि खरी वीज गेली तेव्हा हात टेकणार. म्हणून आक्काकडं मी ते बटण लावलं नाही. फक्त डब्यासाठी एक छोटा डीसी यूपीएस घेतला, तळहाताएवढा असतो, आत लिथियमची बॅटरी. डब्यातलं नेट वीज गेल्यावरही दोन-तीन तास चालतं.

तो घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. डब्याच्या जुन्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती ॲम्पिअर लिहिलंय ते वाचा. १२ व्होल्टचा डबा असेल तर यूपीएसचं १२ व्होल्टचंच टोक लावायचं. ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. ९ व्होल्टच्या डब्याला १२ चं टोक लावलं तर डबा जातो. पिनवर अधिक-उणेची खूण असते, तीही जुळली पाहिजे. अशा यूपीएसवर दोन-तीन वेगवेगळी टोकं असतात आणि घाईत चुकीचं लागतं, म्हणून मी योग्य टोकाला लाल धागा बांधून दिला.

तिसरं दुखणं मात्र मी आधी कधी ऐकलं नव्हतं, आणि सीमेवरच्या गावांतल्या लोकांनी हेच जास्त लक्ष देऊन वाचावं असं मला वाटतं.

फायबर गेलं की भाची फोनच्या हॉटस्पॉटवर यायची. त्या वेळच्या नोंदीत दोनदा लिहिलं होतं: "दांडी फुल, नेट शून्य. दांडीशेजारी इंग्रजी आर." आणि एका नोंदीखाली तिनं सहज लिहिलेलं: "महाराष्ट्रात स्वागत असल्याचा मेसेज आला."

त्या मेसेजनं उलगडा झाला. बाची ओलांडली की पुढं शिनोळी. बाची बेळगाव तालुक्यात, कर्नाटकात. शिनोळी चंदगड तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात. शेताच्या बांधानं सीमा जाते, पण मोबाइलच्या हिशेबात ती मोठी असते. देशाचे २२ टेलिकॉम सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचे विभाग, आहेत, त्यात कर्नाटक वेगळं, महाराष्ट्र वेगळं. गोवाही महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये येतो, त्यामुळं खानापूर तालुक्यात कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूलाही हाच प्रकार होतो, आणि निपाणीच्या पुढं कागलच्या दिशेलाही. कर्नाटकाचं सिम महाराष्ट्राच्या टॉवरला लागलं की फोन त्याला रोमिंग समजतो. वर आर येतो. आणि फोनमध्ये डेटा रोमिंग बंद ठेवलेलं असेल तर, दांडी पूर्ण असली तरी, नेट थांबतं.

पण रोज सातलाच का? संध्याकाळी जवळच्या टॉवरवर गर्दी होते, पावसाळ्यात त्याचीही वीज जाते. मग फोन पलीकडचा टॉवर पकडायला बघतो. त्यात भाचीची बसायची जागा माजघरात, पश्चिमेच्या छोट्या खिडकीपाशी. तीन बाजूंनी दीड फुटी मातीच्या भिंती, उघडी बाजू नेमकी शिनोळीच्या दिशेची. त्या जागेवर फोनला पलीकडचा टॉवरच जास्त स्वच्छ दिसत होता. तोच फोन सोप्यात पूर्वेच्या खिडकीत ठेवला की आर निघून जायचा. अभ्यासाची जागा बदलली की बिघाड बदलत होता.

सीमाभागातल्या माणसाला "महाराष्ट्रात स्वागत" हा मेसेज घरात बसून वाचताना काय वाटतं ते मी इथं लिहीत बसत नाही. आक्कानं तो दोनदा वाचला आणि फोन भाचीच्या हातात परत दिला.

उपाय तीन केले. फोनमध्ये डेटा रोमिंग चालू केलं. काही फोनमध्ये फक्त देशातलं रोमिंग असा वेगळा पर्याय असतो, तो निवडा. तुमच्या पॅकमध्ये देशातल्या रोमिंगला वेगळे पैसे पडतात का हे कस्टमर केअरला एकदा विचारून घ्या, म्हणजे मनात धाकधूक राहत नाही. मग क्लासच्या वेळेपुरतं नेटवर्क आपोआप निवडायचं बंद करून हातानं निवडलं. यादीत कधी कधी एकाच कंपनीचं नाव दोनदा दिसतं. एक निवडायचं, आर आला तर दुसरं. मात्र घर सोडताना ते परत आपोआपवर टाकायला विसरू नका. दाजी विसरले आणि कोल्हापूरला दिवसभर त्यांच्या फोनला नेटवर्कच नव्हतं, इकडं घरचे काळजीत. तिसरा उपाय जागेचा. हॉटस्पॉटचा फोन अभ्यासाच्या टेबलावर न ठेवता सोप्यातल्या पूर्वेच्या खिडकीत, चार्जरला लावून, कव्हर काढून ठेवायचा. वाकळीवर किंवा गादीवर ठेवू नका, हॉटस्पॉट आणि चार्जिंग एकदम चालू असलं की फोन तापतो आणि तापला की वेग पडतो.

जागा बदलायचीच होती तर ती एकदाच नीट बदलू असं ठरवलं. टेबल माजघरातून सोप्याच्या कोपऱ्यात आणलं. नेटचा डबा टीव्हीच्या मागं, स्टीलच्या भांड्यांच्या शोकेसमध्ये होता. तिथून काढून भिंतीवर छातीच्या उंचीला, उघड्यावर बसवला. लोखंडी कपाट, ट्रंका, मोठा आरसा, पत्रा हे वायफायला आडवे येतात. मातीच्या जाड भिंतीतून २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ५ गिगाहर्ट्झपेक्षा बरं जातं, त्यामुळं दुसऱ्या खोलीत बसणार असाल तर २.४ धरा, डबा समोर असेल तर ५ धरा. सिग्नल मोजायची फुकट ॲप असतात. आकडा उण्यात येतो, शून्याच्या जेवढा जवळ तेवढा चांगला. उणे ६७ पर्यंत असेल तर व्हिडिओ नीट चालतो, उणे ८० च्या पलीकडं गेला की चालत नाही. माजघरात उणे ८३ होता, कोपऱ्यात उणे ४८ झाला.

तरी माझं मत विचाराल तर लॅपटॉपवर शिकणाऱ्या मुलासाठी तार ओढा. दोन्ही टोकांना पिन बसवलेली तयार लॅन केबल मिळते, १० मीटर, १५ मीटर. १०० मीटरपर्यंत ती चालते. भिंत किती जाड, शेजारचं वायफाय किती, असले प्रश्नच मिटतात. फक्त ती विजेच्या वायरीला चिकटवून नेऊ नका आणि दाराच्या फटीत चेंगरू देऊ नका.

उजेडाचं थोडक्यात. कौलारू घरात काचेचं कौल असतं, त्यातला उन्हाचा कवडसा दुपारी नेमका स्क्रीनवर पडतो. टेबल ठेवायच्या आधी एक दिवस तो कवडसा कुठून कुठं सरकतो ते बघा. खिडकी पाठीमागं नको, बाजूला असू द्या. उजव्या हातानं लिहिणाऱ्या मुलाला दिवा डाव्या बाजूनं, ९ वॅटचा एलईडी पुरतो. वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघायचं. सोप्यातून वीस फुटांवर आक्काच्या दारातलं तुळशी वृंदावन येतं, तेच ठरवून टाकलं.

आवाजाचं मात्र प्रत्येक घराचं वेगळं. वडगाव, खासबागला विणकरांच्या घरी माझं काम असतं. तिथं भिंतीपलीकडं माग चालू असतो, आणि माग बंद करा असं कोण कुणाला सांगणार? त्यावर घर चालतं. एका घरी पोरगा मागाच्या भिंतीलाच पाठ लावून बसायचा. त्याला माळ्यावर, मागापासून लांबच्या टोकाला बसवलं आणि जिन्याच्या तोंडाशी दोन जुन्या वाकळी टांगल्या. खटखट गेली नाही, पण सरांचं बोलणं कळायला लागलं. तारेचा हेडफोन घ्या, माईक तोंडाजवळचा. आपण बोलत नसू तेव्हा माईक बंद. पत्र्याच्या शेडमध्ये टेबल असेल तर पावसात तिथं बसूच नका, कुठलाच हेडफोन तो आवाज झाकत नाही.

आणि जुलै-ऑगस्टला आपल्या पश्चिम भागात झाडाची फांदी तारेवर पडून वीज दोन-दोन दिवस जाते, त्याला मी काय, कुणीच घरात बसून काही करू शकत नाही. त्या दिवसांसाठी भाचीनं सरांना आधीच सांगून ठेवलंय. सर नोट्सचे फोटो क्लासच्या आधी पाठवतात, मग ती व्हिडिओ बंद करून नुसता आवाज ऐकते आणि फोटोतल्या आकृतीवर बोट ठेवत जाते. नुसत्या आवाजाला १०० केबीपीएससुद्धा लागत नाहीत, आणि फोनची बॅटरीही पुरते.

वही अजून चालू आहे. गेल्या महिन्यात त्यात दोनच नोंदी आहेत. पहिली: "७.२०. आर आला. फोन खिडकीत ठेवायला विसरले होते." दुसरी: "७.४०. लाल लाइट. केबलवाल्या काकांना फोन केला, ते म्हणाले उचगावजवळ तार तुटली, उद्या सकाळी." त्याच पानावर, खाली, त्या दिवशीची गणितं पूर्ण सोडवलेली आहेत.